चार फूट पाणी

"तुमी पाणी बगितलंच नाय, साहेब. तुमी बोटाएवढी बाटली बगितली आणि सही ठोकली आख्ख्या खाडीवर."

वामन तामोरे हे पालघरच्या एका सरकारी कचेरीत बोलला, आणि उभ्यानं बोलला, कारण बसा म्हणण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. साल अठ्ठ्याऐंशी. थंडीचे दिवस होते, तरी साहेबांच्या डोक्यावर पंखा फिरत होता. सरकारी पंख्याला ऋतू नसतो.

टेबलावर साहेबांचंच पत्र पडलं होतं. दांडी गावच्या त्रेचाळीस माणसांनी, त्यात एकतीस बायाच, सह्या-अंगठे करून अर्ज दिला होता. बोईसरच्या बाजूनं येणाऱ्या नाल्यातून रंगाच्या कारखान्याचं पाणी आमच्या खाडीत उतरतं. चिखलातले निवटे मासे मरून पडतात. कोळंबी गेली. जे काय हाती लागतं त्याला औषधाचा वास मारतो आणि बाजारात गिऱ्हाईक हुंगून टोपली परत सारतं. या अर्जाला चार महिन्यांनी उत्तर आलं ते चार ओळींचं. नमुना घेतला. नमुना तपासला. नमुना स्वच्छ व रंगहीन आढळला. सबब तक्रार निकाली काढण्यात येत असून हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.

रंगहीन. दुसऱ्या कुणी वाचला असता तर सरकारी भाषा म्हणून हा शब्द सोडून दिला असता. वामनच्या घशात तो काट्यासारखा अडकला. कारण वामन गेली अकरा वर्षं रंग बघूनच पोट भरत होता, आणि तेसुद्धा त्याच कारखान्यात, ज्याचं पाणी खाडीत येत होतं.

कारखान्याच्या लॅबमध्ये उत्तरेला एक मोठी खिडकी होती. तिच्याशी वामनचं स्टूल. रंगाचा नवा लॉट निघाला की तो आधीच्या पास झालेल्या रंगाशी जुळतो की नाही एवढं सांगायचं, हे त्याचं काम. लोकरीची एक लडी नव्या रंगात बुडवायची, एक जुन्यात, दोन्ही वाळवून शेजारी शेजारी धरायच्या. मग वामननं बोलायचं. पास. किंवा जरा पिवळ्यावर गेलाय. किंवा निळा डोकावतोय, परत घ्या. पदवीवाले केमिस्ट कागदावर आकडे मांडून बसायचे आणि शेवटी मान वळवून वामनच्या तोंडाकडे बघायचे. तो जे म्हणेल ते ड्रमवर चढायचं.

ही नजर त्याला शाळेनं दिली नव्हती. शाळा सातवीत सुटली. नजर दिली बापाच्या होडीनं. पाणी कुठं गढूळ हिरवं, कुठं राखाडी, कुठं खाली वाळूचा बांध आहे म्हणून फिकट, कुठं मासळीची झुंड फिरते म्हणून काळसर, हे ज्याला वेळेवर कळत नाही त्याची होडी रुततेच. बाप गेला, होडी भावकीत गेली, वामन कारखान्यात गेला. पण डोळे तेच राहिले.

बापामागं त्याच्या आईनं, येसूबाईनं, एक गोष्ट केली. नवऱ्याचा पाग उचलला. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी लावलेलं, आणि ते फेकणं हे गड्याचं काम. येसूबाई ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभी राहून पाग टाकायला लागली तेव्हा गावानं दोन वर्षं टिंगल केली. मग टिंगल थांबली, कारण तिचं टोपलं भरून यायचं.

तर त्या दिवाळीनंतर वामननं अंगणातल्या कुंपणावर वाळत घातलेला आईचा पाग पाहिला आणि तो जागच्या जागी थांबला. दोन पावसाळ्यांमागं पाग नवा आणला तेव्हा पांढरा होता. आता तो लाल होता. मातीचा लाल नव्हे. त्यानं पागाची कड उचलून घराच्या उत्तरेच्या सावलीत नेली, तिथं आभाळाकडे धरली. हा लाल त्याच्या ओळखीचा होता. नंबर सत्तावीस. लोकर आणि नायलॉन रंगवायचा. सुती कापड या रंगाला जुमानत नाही, म्हणून येसूबाईचं लुगडं कोरं राहिलं होतं. पण जाळं नायलॉनचं. नायलॉन हा रंग पाण्यातनं शोषून घेतं आणि परत सोडत नाही. महिनोन् महिने जाळं खाडीत उतरत होतं आणि दर खेपेला थोडं थोडं रंगत होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं आईला सांगितलं, "आये, तुज्या पागावरचा रंग मीच पास करतो."

येसूबाईनं घास चावून गिळला.

"मंग आता नापास कर," ती म्हणाली.

एवढंच. आणि ताट घेऊन ती उठली.

म्हणून तो पालघरच्या कचेरीत उभा होता. खिशात जाळ्याचा एक तुकडा, आणि लॅबमधली सत्तावीस नंबरची लोकरीची लडी. लडी त्यानं चोरून आणली होती. ती चोरी होती हे त्याला माहीत होतं. खाडी नासवणं ही चोरी नव्हे काय, हे मात्र त्याला कुणी सांगत नव्हतं.

आणि इथं त्यानं अशी चूक केली की लॅबमधल्या कुणा नव्या माणसानं केली असती तर वामननं त्याचा कान पिळला असता. त्यानं जाळं आणि लडी दोन्ही साहेबांच्या टेबलावर, डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली ठेवली.

रंग हा काही वस्तूत भरून ठेवलेला नसतो. वस्तूवर जो उजेड पडतो त्यातला काही ती गिळते, काही परत देते, आणि जे परत येतं त्याला आपण रंग म्हणतो. उजेडात लाल नसेल तर वस्तू लाल आणणार कुठून? ट्यूबलाइटच्या उजेडात लाल हा नावालाच असतो. लोकरीवरचा लाल आणि चिखल खाल्लेल्या नायलॉनवरचा लाल अंगणात भावासारखे दिसतात. ट्यूबलाइटखाली ते एकमेकांना ओळख देत नाहीत. म्हणून तर लॅबची खिडकी उत्तरेला असते, ऊन न येणारी. म्हणून तर सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीनच्या नंतर वामन लडीला हात लावत नसे. हे सगळं त्याला पाठ होतं. रागाच्या भरात विसरला.

साहेबांनी दोन्ही वस्तू पेन्सिलीच्या टोकानं हलवून पाहिल्या. लडी त्यांना विटकरी वाटली. जाळं तपकिरी. होडीच्या नांगराचा गंज लागला असेल, असं म्हणून त्यांनी शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं आणि कारकून हसला. वामननं स्वतः वाकून पाहिलं. जुळत नव्हतं. त्याच्याच डोळ्यांनी त्याला तोंडघशी पाडलं होतं.

मग साहेब मऊ आवाजात बोलले, आणि तो मऊपणाच जास्त झोंबला. तुम्ही कामगार माणसं, तुमच्या भावना आम्ही समजतो, पण पाण्याची तपासणी हे शास्त्र आहे, ते डोळ्यांनी होत नाही. आमच्या माणसानं बाटली भरली, बाटली पाहिली, बाटलीत रंग नव्हता.

तेव्हा वामन बोलला ते वाक्य, वर सांगितलेलं.

साहेब ते वाक्य ऐकलंच नाही असं दाखवून फाइल बांधू लागले. वामननं पत्र उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम छापलेले होते, जे कुणी वाचत नाही. वामननं वाचले होते, तीनदा, अडखळत. सातवा नियम असा होता की अर्जदारानं लेखी मागणी केली तर तक्रार निकाली काढण्याआधी अधिकाऱ्यानं जागेवर जाऊन समक्ष पाहणी करावी. त्यानं मागणी लिहूनच आणली होती. ती टेबलावर सरकवली.

साहेबांनी कॅलेंडर पाहिलं आणि मुदतीचा शेवटचा दिवस दिला. गुरुवार, सकाळी अकरा. वर हेही सांगितलं की त्या दिवशी समक्ष रंग दिसला नाही तर फाइल कायमची बंद, कारखान्याचा परवाना वाढवून द्यायचा रस्ता मोकळा, आणि मग दांडीनं कितीही अर्ज केले तरी ते या टेबलापर्यंत पोचणार नाहीत.

वामनकडे नऊ दिवस होते.

घरी आल्यावर पहिलं काम त्यानं हे केलं की खाडीचं पाणी काचेच्या बाटलीत भरलं, चिखल तळाला बसू दिला आणि बाटली आभाळाकडे धरली. पाणी स्वच्छ दिसलं. त्यानं डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. स्वच्छ. म्हणजे साहेबांच्या माणसानं खोटं पाहिलं नव्हतं. अपुरं पाहिलं होतं. आणि अपुरं बघून पुरी सही करणारा माणूस खोटारड्याहून धोक्याचा, कारण त्याला लाजही वाटत नाही.

तो बाटली तशीच धरून बसला होता तेव्हा येसूबाई मासळी धुवायच्या हंड्याशी आली. त्या हंड्यात खाडीचंच पाणी कालपासून भरून ठेवलं होतं. तिनं पोराच्या हातातली बाटली पाहिली आणि तिला त्याची कीवच आली.

"आडवं काय बगतोस? तुज्या बापानं कदी आडवं पाणी बगितलेलं? होडीच्या काठावरनं सरळ खाली बगायचा. वरनं बग."

वामननं हंड्यात सरळ खाली पाहिलं. वरच्या पाण्याला रंग नव्हता. पण नजर जसजशी खाली उतरली तसतशी हंड्याच्या आत गुलाबी झाक चढत गेली, आणि तळाचं पितळ, जे पिवळं असायला हवं, ते लालसर दिसत होतं. त्यानं ओंजळभर पाणी उचललं. ओंजळीत कोरं. परत हंड्यात ओतलं. पुन्हा गुलाबी.

तो हसायलाच लागला. आईनं विचारलं, खूळ लागलं काय. तो म्हणाला, लागलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं नागोरावला गाठलं. नागोराव लॅबमधला केमिस्ट, नांदेडकडचा, बायको-पोरं बोईसरच्या चाळीत. माणूस भित्रा, पण शिकलेला, आणि विचारलं की सांगणारा. त्यानं डबा बाजूला ठेवून सांगितलं की यात नवल काही नाही. आपल्या पणजोबांच्याही आधीपासून माणसाला हा नियम ठाऊक आहे. उजेड रंगीत पाण्यातून जितका लांब चालेल तितका रंग चढेल. दुप्पट पाणी, दुप्पट रंग. आपल्या लॅबमध्ये लांब नळ्यांत पाणी भरून वरून पाहतात ते उगाच का? मग नागोराव रंगात आला. तुमच्या किनाऱ्यावरून मावळतीचा सूर्य लाल दिसतो तो का? दुपारी तोच सूर्य पांढरा असतो. हवा तीच, सूर्य तोच. संध्याकाळी उजेड तिरपा येतो, म्हणून त्याला जास्त हवा कापावी लागते, आणि वाटेत निळा गळून पडतो. डॉक्टर लघवी नळीत धरून रोग सांगतो, तीच विद्या. आणि सूर्यात कोणकोणते धातू आहेत हे माणसानं कशावरून ओळखलं? नुसता उजेड फोडून.

"तिथं कुणी बाटली भरायला गेलं नव्हतं, वामनराव," नागोराव म्हणाला.

वामनला हे इतकं आवडलं की त्यानं गुरुवारी दांडीला येऊन साहेबांना हेच सांगा म्हणून नागोरावला गळ घातली. नागोरावचा चेहरा उतरला. त्यानं डब्याचं झाकण लावलं. माझं नाव कुठं घेऊ नका, एवढंच म्हणून तो आत गेला. वामनला राग आला, पण थोडाच. नागोरावच्या घरी पाग नव्हता.

बोईसरच्या दुकानातून वामननं प्लॅस्टिकच्या दोन नळ्या आणल्या, हाताच्या मनगटाएवढ्या जाड, चार-चार फूट लांब. दोन्ही टोकांना काचेचे गोल तुकडे बसवून एमसीलनं लिंपले. वरच्या अंगाला पाणी ओतायला भोक पाडलं. एका नळीत खाडीचं पाणी भरायचं. पण नुसतं लाल दाखवून भागणार नव्हतं. साहेब म्हणणार, खाडीचं पाणी असंच असतं, माती तशी आहे. तेव्हा दुसऱ्या नळीत असं पाणी हवं की जे तितकंच खारं, तितक्याच चिखलाचं, फक्त ज्याच्या उशाला रंगाचा कारखाना नाही.

त्याची मावशी काशीबाई सफाळ्याच्या पुढं, वैतरणेच्या खाडीकाठी दिली होती. निरोप गेला. काशीबाई दोन डबे वैतरणेचं पाणी घेऊन आली आणि उंबऱ्यातच बहिणीला म्हणाली की आजवर तुज्याकडे सुकट आणली, तांदूळ आणला, आता तुज्या लेकानं चिखलाचं पाणी आणायला लावलं, उद्या काय मागशील? येसूबाई म्हणाली, उद्याचं उद्या, आज डबा हलवू नको, गाळ बसू दे.

मंगळवारी मॅनेजरनं वामनला आत बोलावलं. गाव लहान, बोईसर त्याहून लहान. नळ्यांची बातमी पोचली होती. मॅनेजर चिडला नाही. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला. परदेशातून रंग मोजायचं यंत्र येणार आहे असं सांगितलं. लडीवर उजेड टाकतं, परत आलेला उजेड मोजतं आणि आकडा छापतं. त्या यंत्रावर कुणाला तरी बसवायचं आहे. डोळे असलेला माणूस हवा. पण डोळे कुठं उघडायचे आणि कुठं मिटायचे हे कळणारा.

वामननं विचारलं, "त्या यंत्राला खाडीचं पाणी पाजाल काय?"

मॅनेजर म्हणाला, ते यंत्र कंपनीचं आहे. तुझे डोळेही अकरा वर्षं कंपनीनंच पोसलेत.

"पोसले आसतील. पन मेल्यावर माज्याच संगं जळतील," वामन म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला.

बुधवारी सकाळी त्याचं स्टूल खिडकीशी नव्हतं. त्याला गोदामात पाठवलं, ड्रमवर काळ्या रंगानं नंबर काढायला. दोनशे प्रकारचे लाल ओळखणारा माणूस दिवसभर काळ्या रंगानं सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस लिहीत बसला. संध्याकाळी त्यानं ब्रश धुतला आणि गुरुवारची रजा मागितली. मुकादमानं रजा नाही म्हणून सांगितलं. तरी वामननं रजेच्या अर्जाचा कागद मुकादमाच्या टेबलावर ठेवला आणि तो निघाला.

गुरुवारी साहेबांची जीप अकराला यायची ती बारा वाजता आली. वामनला त्याचं वाईट वाटलं नाही, तीनपर्यंत उजेड त्याचाच होता. बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या दोन चौकटी त्यानं समाजमंदिराच्या उत्तरेच्या सावलीत उभ्या केल्या होत्या. पलीकडे पांढरं धोतर ताणून बांधलं होतं. चौकटींवर दोन नळ्या, डोळ्याच्या उंचीला, एक उजवीकडे, एक डावीकडे. ऊन कुठंच नाही. गाव सगळा गोळा झाला होता, बाया पुढं, गडी मागं.

साहेब खाली उतरले, नाकाला रुमाल लावून खाडीकडे एकदा पाहिलं. पाणी गढूळ होतं, भरती चढत होती. साहेब म्हणाले, हा काय, चिखल आहे. वामन म्हणाला, चिखल हायच. चिखल आमी दोन दिवस बसवला. आता जे उरलं ते बगा.

साहेबांनी नळ्यांकडे पाहिलं. हे काय जादूचे प्रयोग, असं काहीसं पुटपुटले. समुद्रात कधी कधी लाल शेवाळ येतं, तेही शास्त्रात आहे, असं म्हणाले. वामननं ऐकून घेतलं. मग त्यानं लॅबमधली आपली पद्धत सांगितली. लॅबमध्ये कुठली लडी जुनी नि कुठली नवी हे बघणाऱ्याला सांगत नाहीत. दुसराच कुणी ठेवतो. बघणाऱ्यानं एकदा बोलायचं, मग पाठ फिरवायची, ठेवणाऱ्यानं वाटलं तर जागा बदलायच्या, वाटलं तर नाही, आणि बघणाऱ्यानं पुन्हा बोलायचं. दोन्ही वेळा तोच निकाल आला तर खरा. कारण माणसाला जे हवं असतं ते त्याच्या डोळ्याला आधी दिसतं. मलासुद्धा. म्हणून नळ्यांना मी हात लावणार नाय. तुमचाच माणूस ठेवील.

साहेबांचा माणूस म्हणजे शिपाई खंडेराव, साताऱ्याकडचा, मिशीवाला. तो जीपला टेकून विडीच्या विचारात होता. त्याला वामननं बाजूला नेऊन वैतरणा कुठली नि दांडी कुठली ते कानात सांगितलं. खंडेरावनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांना नाही म्हणता येईना. आपल्याच शिपायावर विश्वास नाही असं चारचौघांत कसं म्हणायचं?

साहेबांनी पाठ फिरवली. गावानंही फिरवली. शंभर माणसं खाडीकडे तोंड करून उभी राहिली, आणि खंडेराव एकटाच नळ्यांशी.

"आमच्या लग्नात बी येवडी माणसं गप नव्हती," येसूबाई काशीबाईला म्हणाली, आणि बायांत खसखस पिकली.

खंडेरावनं झालं म्हटलं. साहेब वळले, चष्मा सावरून डाव्या नळीला डोळा लावला. पांढरं, किंचित पिवळट, म्हणाले. मग उजव्या नळीला लावला. जरा थांबले. नळीपासून डोळा काढला, धोतराकडे पाहिलं, कुणी रंगीत कापड लावलंय का ते बघत असावेत. धोतर पांढरंच होतं. पुन्हा डोळा लावला.

"ही लाल आहे," साहेब म्हणाले.

"किती लाल?" वामननं विचारलं.

"कलिंगडासारखी," साहेब बोलून गेले. तोंडातून निघालं तेव्हा ते अधिकारी नव्हते, नुसते बघणारे होते. मग अधिकारी परत आला आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला.

वामननं कागद पुढं केला. त्यावर तारीख, वेळ, जागा लिहिलेली होती, आणि खाली दोन रेघा कोऱ्या. पहिल्या रेघेवर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, उजवी. मग सगळ्यांना पुन्हा पाठ फिरवायला सांगितलं. खंडेरावनं काय केलं, नळ्या हलवल्या की तशाच ठेवल्या, कुणी पाहिलं नाही. बांबू जरा करकरला. पण तो मुद्दामही करकरवता येतो.

साहेब वळले. या खेपेला त्यांनी घाई केली नाही. आधी डावी पाहिली. मग उजवी. मग परत डावी. ते इतका वेळ वाकून राहिले की काशीबाईनं येसूबाईला कोपरानं ढोसलं. ताठ उभे राहिले तेव्हा साहेबांच्या भुवईवर काचेचा गोल वळ उठला होता. ते कुणाकडेच बघत नव्हते.

त्यांनी सांगितलं की ही पद्धत नियमात बसत नाही. प्लॅस्टिकच्या नळ्या मान्यताप्राप्त नाहीत. मी वर कळवतो, वरून पथक येईल, ते योग्य तो निर्णय घेतील. आणि ते जीपकडे निघाले.

वामन आडवा गेला नाही. जीपची वाट बायांनीच भरली होती, आणि त्यातली एकही हलली नाही.

खंडेराव मिशीवर हात फिरवत नळ्यांशीच उभा होता. त्याला उत्तर ठाऊक होतं आणि तो ते देणार नव्हता, कारण त्याला विचारलं नव्हतं.

साहेब वामनच्या जवळ आले, आवाज खाली केला. तू त्याच कारखान्यात आहेस ना? उद्या तुझं काय होईल याचा विचार केलास?

वामननं आवाज खाली केला नाही.

"केला. त्यो लाल माजाच हाय, साहेब. अकरा वर्षं मी त्याला पास म्हनत आलो, आनि तेवड्या वर्षांत एकदा बी विचारलं नाय का उरलेलं पानी जातं कुठं. माजी चूक मी हितं शंभर मान्सांम्होरं कबूल करतो. लिहून बी देतो. पथक येईल तवा येईल. नियमात नळी नाय, तर नसू दे. नियमात डोळे हायत का नाय? तुमच्या पत्रावर समक्ष पाहणी असं छापलंय. समक्ष म्हंजे डोळ्यांनीच ना?"

साहेबांनी जीपकडे पाहिलं. बाया तिथंच होत्या.

वामननं कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला, दुसऱ्या कोऱ्या रेघेवर बोट टेकवलं आणि पेन साहेबांपुढं धरलं. भरती चढून काठाला लागली होती. त्या रेघेवर साहेबांचं अक्षर पडलं की फाइल बंद होणार नव्हती.

"मला ठावं नाय कुठली कुठं हाय. तुमाला दिसलंय. सांगा, साहेब. उजवी का डावी?"